‘हं’ म्हणायचं नाही

सोफा दारात अडकला. अर्धा आत, अर्धा गल्लीत, आणि मागून आमचे डायरेक्टर हर्षल सर ओरडतायत, "तिरका करा, तिरका. काल आत गेला ना? मग आज बाहेर का येत नाहीये?"

"काल आत घालताना सगळी गल्ली लागली होती," मुलाणी चाची ओट्यावरून म्हणाल्या. "आणि सगळे खुशीत होते."

सोफा चाचींचाच होता. तेच तर सांगतेय, ऐका ना. आदल्या संध्याकाळी गल्लीला कळलं की पायलच्या घरी टीव्हीवाले येणार. मग काय, चाचींनी सोफा दिला, समोरच्या बिराजदारांनी टीपॉय दिला, कुणी पडदे, कुणी प्लास्टिकची फुलं, आणि कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याने भिंतीवरचं मोठं घड्याळ दिलं. ते घड्याळ उलटं चालायचं, कारण सलूनमध्ये गिऱ्हाईक ते आरशातून बघतं. पण मोठं होतं, चकचकीत होतं, म्हणून लावलं. पोरगी टीव्हीवर जाणार तर बार्शीची इज्जत दिसली पाहिजे, एवढं साधं होतं त्यांचं.

आणि आम्ही मुंबईहून रात्रभर गाडीत बसून आलो होतो ते हे घर गरीब दाखवायला.

माझं काम सांगते, म्हणजे पुढचं कळेल. गाण्याच्या स्पर्धेत गायक स्टेजवर यायच्या आधी एक छोटी फिल्म दाखवतात ना, घर, आई, देव्हारा, डोळ्यांत पाणी? तिला आमच्यात एव्ही म्हणतात. मी त्या एव्हीच्या टीममध्ये नवीकोरी लागले होते. नोकरी पक्की व्हायची होती अजून. मुलाखत घ्यायला लेन्सच्या शेजारी कोण बसतं? मी. प्रश्न विचारायचे, समोरचा बोलायला लागला की गप्प बसायचं. माझा आवाज टीव्हीवर कधीच येत नाही, तो कापतात.

आणि मला एक घाणेरडी सवय होती. समोरचा बोलायला लागला की मी ‘हं’ म्हणायचे. म्हणजे आपण म्हणतोच ना, ऐकतोय हे कळावं म्हणून. हं, हं, हं. पहिल्याच शूटला एका आजोबांची मुलाखत माझ्या ‘हं’मुळे वाया गेली. कॅमेऱ्यावर सोपानदा असायचे, आवाजही तेच बघायचे, कानांवर कायम हेडफोन. त्यांनी हेडफोन काढून माझ्या कानांना लावला आणि ऐकवलं. आजोबांच्या प्रत्येक शब्दावर माझा ‘हं’ बसलेला, गुळावर माशी बसावी तसा.

"हा कापता येत नाही," सोपानदा म्हणाले. "कापला की त्यांचा शब्द पण जातो. मान हलव. डोळे हलव. तोंड शीव."

हर्षल सरांनी तर सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "केतकी, पुन्हा ‘हं’ ऐकू आला तर तू डोंबिवलीला घरी बसून ‘हं’ म्हण." तेव्हापासून मी जीभ दातांखाली धरून बसायचे. महिनाभर एकही ‘हं’ नाही. सोपानदा कौतुकाने मला मुकी म्हणायला लागले होते.

तर सोफा. तो शेवटी निघाला, चौकटीचा रंग घेऊन निघाला. मग टीपॉय गेला, पडदे गेले, उलटं घड्याळ गेलं. पायलची आई, सुनंदाताई, हे सगळं कडेला उभी राहून बघत होती. उंच बाई, दंड असे भरलेले, केस घट्ट बांधलेले. ती मध्येच म्हणाली, "सोफा दुसऱ्याचाच हाय, न्या बापडे. खोटं दाखवू नये म्हणून काढताय ना? बरोबरच हाय."

सर फ्रिजकडे बघत होते.

"हा कुणाचा?"

"माझा," सुनंदाताई म्हणाली.

"हा पण हलवावा लागेल."

"का? ह्यो तर माझाच हाय."

फ्रिज जड होता, म्हणून त्यावर एक जुनी साडी टाकली आणि वर दोन पातेली ठेवली. त्याची घरघर आवाजात येत होती म्हणून बंदही केला. आत दही लावलेलं होतं. मग मिक्सर पलंगाखाली गेला. गॅसची शेगडी झाकली, आणि सरांना चूल पाहिजे झाली. चूल त्या गल्लीत एकच होती, चाचींची, मागच्या दारी, अंघोळीचं पाणी तापवायला. ती उचलून आणली तर चाची म्हणाल्या, "सोफा दिला तो नको झाला, चूल मागितली. उद्या माझा पाटा पण मागाल."

पायल कोपऱ्यात हाताची घडी घालून उभी. सोळा वर्षांची, बारीक, आणि आवाज असा की सोलापूरच्या निवडीत परीक्षकांनी पेनं खाली ठेवली होती. ती म्हणाली, "आई, हे काय चाललंय? आपण कधी चुलीवर केलंय?"

"गप," सुनंदाताई म्हणाली. "तुला गायचंय ना?"

"गायचंय. रडायचं न्हाई."

"तुला कुणी रडायला सांगितलंय? मी हाय की."

आता खरी गंमत ऐका. सुनंदाताईचा धंदा काय? पाण्याचा. ते वीस लिटरचे जार असतात ना, तेच. नवरा गेल्यावर तिने टेम्पो घेतला, आधी दुसऱ्याच्या प्लांटवरून जार भरून घरोघरी टाकले, मग घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःचा फिल्टर बसवला. टेम्पोवर दोन्ही बाजूंनी लिहिलेलं, ‘पायल ॲक्वा’. अर्धी बार्शी तिचं पाणी प्यायची. हे सगळं मी फोनवर विचारून ऑफिसला लिहून दिलेलं होतं. सरांनी वाचलंही होतं. वाचून ते म्हणाले होते, पाणी आहे ना गोष्टीत? छान. मग डोक्यावर घागर घेऊ.

"ताई, घागर काढा," सर म्हणाले. "डोक्यावरून पाणी आणतानाचा शॉट घेऊ."

"कुठनं आणायचं?"

"जिथून आणता तिथून."

"मी कुठनंच आणत न्हाई, सर. माझ्याकडनं नेत्यात."

मी हसले. सरांनी माझ्याकडे असं बघितलं की हसू परत आत गेलं.

घागर कुणाकडेच नव्हती. सगळ्यांकडे सुनंदाताईचेच जार. शेवटी बिराजदारांच्या माळ्यावरून लग्नातली एक पितळी घागर निघाली, काळी पडलेली. टेम्पो गल्लीबाहेर नेऊन उभा केला, फ्रेममध्ये नको म्हणून. कोपऱ्यावरचा हापसा किती वर्षांपूर्वी आटला ते कुणाला आठवेना, तरी सरांना हापसाच पाहिजे. मग घागरीत पाणी कुठलं ओतलं सांगा? पायल ॲक्वाच्या जारमधलं. फिल्टरचं, थंडगार.

सुनंदाताईने घागर डोक्यावर घेतली. बिचारीला सवय नाही. जार ती दोन्ही हातांत दोन उचलायची, खांद्यावरून फेकायची, पण घागर डोक्यावर काही ठरेना. तेवढ्यात सायकलवरून एक म्हातारे आले, पाय टेकवून थांबले.

"सुनंदा, प्लांट बंद पडला व्हय?"

"न्हाई तात्या."

"मग घागर घिऊन कुठं निघालीस?"

"टीव्हीत चाललेय."

"का? टीव्हीत पाणी न्हाई?"

सगळी गल्ली हसली. सुनंदाताईही हसली, आणि शॉट गेला. सर म्हणाले, ताई, हसायचं नाही, पाय ओढत चाला, दमलाय तुम्ही. ती पुन्हा चालली. पुन्हा. दर वेळी तात्या तिथेच उभे, आणि दर वेळी त्यांचा चेहरा थोडा थोडा बदलत गेला. आधी गंमत वाटत होती त्यांना. मग त्यांना कळलं काय चाललंय ते. ते सायकलवर बसून निघून गेले.

सुनंदाताईने ते बघितलं. घागर खाली ठेवली, पदराने मान पुसली. त्या घागरीच्या शॉटला नंतर ती हसलीच नाही.

मुलाखतीची तयारी करताना मी तिच्या पदराला माईक लावत होते. आत आम्ही दोघीच. सर बाहेर चॅनलशी फोनवर बोलत होते. ती हळूच म्हणाली, "मॅडम, एक विचारू?"

"केतकी म्हणा हो."

"ह्या साहेबानं मला बोलायला दिलंय, की आम्ही दोन दोन दिस उपाशी झोपायचो. मी दुसऱ्याच्या घरी पाणी भरती. आता तात्यानं उद्या हे टीव्हीवर बघितलं, तर काय म्हणल? म्हणल, ही बाई खोटारडी हाय."

"हं," मी म्हणाले. माईक बंद होता अजून.

"पाणी म्हणजे इश्वासाचा धंदा हाय, पोरी. जारमध्ये काय हाय ते डोळ्यांनी दिसत न्हाई. बोरचंच भरलंय का गाळलेलं हाय, गिऱ्हाइकाला कसं कळणार? सुनंदा खोटं बोलत न्हाई, एवढ्यावरच चाललंय माझं. आणि तीच मी साऱ्या महाराष्ट्रासमोर खोटं बोलू?"

"मग नाही म्हणा."

"न्हाई म्हणते. मग पोरीला काढत्याल का?"

मला माहीत होतं ना. त्याआधीच्या आठवड्यात एका मुलाच्या वडलांनी रडायला नकार दिला होता. त्याची एव्हीच लावली नाही, गाणं अगदी शेवटी ढकललं, मतं मिळाली नाहीत, मुलगा घरी. काढतात असं कुणी म्हणत नाही. पण होतं तसंच. मी ‘काढणार नाहीत’ म्हटलं असतं तर ते त्या दिवसातलं आणखी एक खोटं झालं असतं.

मी तिचा पदर सारखा केला आणि म्हटलं, "ताई, ते सांगतील ते सगळं बोला. एकही शब्द गाळू नका. ते संपलं की मग मी विचारीन, त्याचं पण उत्तर द्या. माझ्याकडे बघून. बाकी माझ्यावर सोडा."

"काय करणार हाईस तू?"

"ऐकणार आहे," मी म्हणाले.

तिला चुलीपुढे बसवलं. सरांना धूर पाहिजे होता म्हणून ओली लाकडं घातली. धूर असा झाला की खोलीत पहिले खोकले ते सर. डोळे चोळत बाहेर गेले, ओट्यावर छोटा मॉनिटर मांडून बसले. त्या मॉनिटरवर चित्र यायचं, आवाज नाही. आवाज फक्त सोपानदांच्या कानांत. मी सुनंदाताईच्या इतकी जवळ बसले की आमचे गुडघे टेकत होते.

"रोल," सर बाहेरून ओरडले. "ताई, उपाशीपासून सुरू करा."

सुनंदाताईने माझ्याकडे बघितलं. "आम्ही दोन दोन दिस उपाशी..."

"हं," मी म्हणाले.

"...झोपायचो. पायल गाणं म्हणायची..."

"हं."

"...आणि आमची भूक..."

"हं, हं."

सोपानदांनी कॅमेऱ्यामागून डोकं बाहेर काढलं. माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे बघितलं. माझे कान असे तापलेले की धूर तिथूनच निघतोय असं वाटलं. त्यांनी नुसतं ‘सर, आवाज खराब आहे’ एवढं म्हटलं असतं, तर मी त्याच दुपारच्या गाडीने डोंबिवलीला गेले असते.

"साऊंड?" बाहेरून सर.

सोपानदांनी हेडफोन नीट कानांवर बसवला. मान परत कॅमेऱ्यामागे नेली. "एक नंबर आहे, सर," ते म्हणाले. "चालू द्या."

मग काय विचारता. दुसऱ्याच्या घरी पाणी भरते, हं. नवरा गेल्यावर जीव द्यावा वाटला, हं. धुराने सुनंदाताईच्या डोळ्यांतून खरंच पाणी यायला लागलं, चित्र बघून सर बाहेर खूश. म्हणतायत, वा, वा, हेच पाहिजे. आणि मी हं, हं, हं. महिनाभराचे साठवलेले सगळे ‘हं’ मी त्या चुलीपुढे काढले. कुठल्या शब्दावर टाकायचा तेसुद्धा कळायला लागलं होतं मला. नेमका मधोमध.

सरांचं मन भरलं. तेवढ्यात ओट्यावरून चाचींचा आवाज आला, "साहेब, जेवायला चला. मटण केलंय. थंड झालं तर मला पाप लागंल." सर नको म्हणत होते, पण चाचींनी त्यांचा हातच धरला. जाता जाता सर म्हणाले, "सोपान, दोन-चार क्लोजअप घेऊन ठेव."

ते चाचींच्या दारातून आत गेले आणि सोपानदांनी कॅमेरा बंद केलाच नाही. मला म्हणाले, "मुके, विचार आता."

मी विचारलं, "ताई, टेम्पो चालवायला कशा शिकलात?"

आणि तोंड शिवलं.

"कशी शिकले? पडून शिकले. पयल्याच दिशी चढाला टेम्पो मागं आला, फळी उघडली आणि सगळे जार घरंगळत खाली बाजारात. एक तर भाजीवालीच्या मेथीवर जाऊन बसला. लोकं हसायला लागली. म्हणली, बाईमाणसानं टेम्पो चालवला की असंच व्हायचं. मी खाली उतरले, एकेक जार उचलला, परत भरला, परत त्याच चढाला घातला. दुसऱ्या खेपेला चढला की. मग ज्यो जास्त हसला त्याच्याच दुकानात पयला जार टाकला. आज बी टाकते."

मी फक्त मान हलवली. गाल आतून चावत होते, हसू बाहेर पडू नये म्हणून.

"आणि पायल गायला कुठं शिकली?"

"टेम्पोतच. हॉर्न बिघडला होता. दुरुस्त करायला वेळ न्हाई. पाणी आलं हे गल्लीला कळायचं कसं? मग हिला शेजारी बसवायची, म्हणलं, गा. ही खिडकीतनं डोकं काढून गायची. लोक रिकामे जार घिऊन दारात. पुढं हॉर्न नीट झाला, तर बायका म्हणायल्या, हॉर्न वाजवू नको, पोरीला गायला सांग. हॉर्ननं पोरं उठत्यात."

पायल दारात उभी होती. सकाळपासून पहिल्यांदा हसली.

सोपानदांनी कॅमेरा स्टँडवरून काढला, खांद्यावर घेतला. "टेम्पो कुठाय?"

पुढचं सगळं आम्ही पळत पळत केलं. सुनंदाताई स्टिअरिंगवर, पायल शेजारी, सोपानदा मागे जारांमध्ये उभे, आणि मी फळीला लटकलेली. पायल खिडकीतून डोकं काढून गायला लागली आणि खरं सांगते, दारं उघडायला लागली. आम्ही कुणाला काही सांगितलेलं नव्हतं. एक बाई ओल्या हातांनी जार घेऊन धावत आली. पुढच्या वळणावर तात्या उभे होते, सायकलच्या कॅरियरला रिकामा जार बांधून.

"टीव्हीतनं आलीस व्हय?" त्यांनी विचारलं.

"आले, तात्या," सुनंदाताई म्हणाली, खाली उतरून रिकामा जार काढला आणि एका हाताने भरलेला त्यांच्या कॅरियरवर ठेवला.

तिकडे चाची सरांना वाढत होत्या. नंतर कळलं, सर तीनदा उठले आणि चाचींनी तीनदा ताटात भाकरी टाकली. चौथ्यांदा म्हणे त्या रुसल्या, म्हणाल्या, मुंबईला गरिबाचं जेवण गोड लागत नाही वाटतं. आता यावर कोण उठणार?

दोन दिवसांनी मुंबईत एडिटरने सरांना बोलावलं. सरांनी मला आणि सोपानदांना बोलावलं. छोटी खोली, एसी फुल्ल, आणि मोठ्या स्पीकरवर सुनंदाताई. धूर, चूल, डोळ्यांत पाणी, सगळं अप्रतिम. आणि, ‘आम्ही दोन दोन दिस उपाशी, हं, झोपायचो.’

"पूर्ण मुलाखत अशीच आहे," एडिटर म्हणाला. "कापू कुठे? शब्दाशब्दावर बसलाय."

"काहीच स्वच्छ नाही?"

"आहे ना. हे बघा." आणि त्याने टेम्पो लावला. मेथीवर बसलेला जार, बिघडलेला हॉर्न, खिडकीतून गाणारी पायल. एकही ‘हं’ नाही. एडिटर स्वतः हसत होता. "हे लावू का? एपिसोड आज संध्याकाळी द्यायचाय."

सरांनी घड्याळ बघितलं. परत बार्शीला जाणं शक्यच नव्हतं. "लाव," ते म्हणाले.

तर त्या आठवड्यात महाराष्ट्राने ‘पायल ॲक्वा’ बघितलं. पायल पुढे बऱ्याच फेऱ्या टिकली आणि मग एका अवघड तानेवर अडकून बाहेर पडली. गाण्यावर पडली, गोष्टीवर नाही. सहा वर्षं झाली याला. सुनंदाताईकडे आता दोन टेम्पो आहेत. दुसरा पायलच चालवते, गाण्याच्या क्लासला जाता येता.

पण त्या खोलीतलं राहिलं. ‘लाव’ म्हटल्यावर सरांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. आवाज चढवला नाही, हे जास्त वाईट होतं.

"महिनाभर तू एकदाही ‘हं’ म्हणाली नव्हतीस."

मी जीभ दातांखाली धरली.

"सवय परत आली असेल, तर मी समजू शकतो. नवीन आहेस. तसं असेल तर तसं सांग, विषय इथेच संपवू." ते पुढे झुकले. "की मुद्दाम केलंस?"

सोपानदा त्यांच्या मागे दाराला टेकून उभे होते. त्यांनी मला हळूच मान हलवून दाखवली. नाही म्हण. सवय म्हण. तोंड शीव. एडिटर कीबोर्डवरचे हात उचलून थांबला होता. स्क्रीनवर सुनंदाताई, एका हातात जार, अर्धवट हसत थांबलेली.

मी सरांकडे बघितलं, अगदी डोळ्यांत, आणि तोंड उघडलं.

"हं," मी म्हणाले.